खोलीचं भाडं, गाडीची जागा

रात्री साडेदहाला आम्ही गावात शिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा मुहूर्त. गाडीत सासूबाई, दोन पोरं आणि आहेराच्या पिशव्या. लॉज फोनवरून ठरवलेला होता, ॲडव्हान्सही भरलेला होता. दारात गाडी थांबवली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पार्किंगचे दोनशे वेगळे." लॉजला स्वतःचं आवार नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावायची आणि चावी काउंटरवर द्यायची, कारण मागेपुढे आणखी गाड्या लागणार होत्या. त्या वेळी, झोपेला आलेली माणसं बरोबर असताना, दुसरा लॉज कुठे शोधणार? दोनशे दिले. पावती मिळाली नाही. सकाळी पाहतो तर मागचा बंपर चेपलेला. विचारायला गेलो तेव्हा त्या मुलाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत.'

त्या दोनशे रुपयांचं मला आजही काही वाटत नाही. राग आला तो दोन गोष्टींचा. पैसे लागणार हे फोनवर सांगता आलं असतं, ते सांगितलं नाही. आणि चावी मागून घेतल्यावरही गाडीची काळजी आमच्याकडेच ठेवली. पुढे नातेवाइकांपैकी दोघांनी कोकणात घरगुती निवास सुरू केले, त्यांच्या हिशेबाच्या वहीत डोकावायला मिळालं आणि हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही दिसला. हॉटेलने पार्किंगचे वेगळे पैसे घ्यावेत का? हा लेख दोघांसाठी आहे, गाडी घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी आणि गाडी लावून घेणाऱ्यांसाठी.

फुकट पार्किंग हा शब्दच आधी बाजूला ठेवू. एक मोटार उभी राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. गाडी वळवायला, मागे घ्यायला वाट धरली की तेवढीच जागा आणखी जाते. एवढ्या जागेत लॉजची एक बऱ्यापैकी खोली बसते. शिवाय दिवा, कॅमेरा, रात्रीचा वॉचमन, पावसाळ्यात चिखल होऊ नये म्हणून टाकलेली खडी. हा खर्च कोणीतरी भरतोच. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की फुकट दिसणाऱ्या पार्किंगचा खर्च इतर वस्तूंच्या किमतीत मिसळलेला असतो आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही तो भरत राहतो. दादर स्टेशनवर उतरून टॅक्सीने लॉजवर आलेल्या माणसाने, कोल्हापूरला एसटीने आलेल्या भाविकाने, खाली उभ्या असलेल्या इनोव्हाच्या जागेचं भाडं आपल्या खोलीभाड्यातून का द्यावं? हा प्रश्न रास्त आहे.

पण हाच नियम सरसकट सगळीकडे लावायचा म्हटलं तर मला पटत नाही. महामार्गावरचं मोटेल घ्या, किंवा तारकर्लीच्या बाजूला मुख्य रस्त्यापासून आत असलेलं घरगुती निवास घ्या. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण चारचाकीनेच येतो, कारण सामान-पोरांसकट पोहोचायला दुसरी सोय बेताचीच आहे. तिथे गाडीची जागा ही खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरासारखी आहे. तिचे वेगळे पैसे मागणं म्हणजे खोलीचा दर कमी दाखवून उरलेला नंतर वसूल करणं. माझं मत थोडक्यात असं: जिथे गाडीशिवाय पोहोचणं अवघड, तिथे पार्किंग खोलीभाड्यातच हवं. जिथे गाडी न आणताही मुक्काम होऊ शकतो आणि जागेची खरोखर टंचाई आहे, तिथे वेगळं शुल्क योग्य आहे, मात्र ते आधी सांगितलेलं असावं आणि पैसे घेतल्यावर जबाबदारीही घेतलेली असावी.

मालकांसाठी यात एक सोपा हिशेब आहे. समजा, तुमच्या लॉजमध्ये वीस खोल्या आहेत आणि सरासरी बारा भरतात. शेजारचा प्लॉट महिन्याला १२,००० रुपये भाड्याने घेतलाय आणि रात्रीच्या वॉचमनच्या पगारातला ६,००० रुपयांचा वाटा पार्किंगवर पडतो. एकूण १८,०००. महिन्याला ३६० खोल्या विकल्या जातात, म्हणजे प्रत्येक खोलीवर रात्रीमागे ५० रुपये. आता बारांपैकी आठ पाहुणे गाडीने येत असतील, तर महिन्याला २४० गाड्या होतात आणि गाडीमागे खर्च येतो ७५ रुपये. पन्नास आणि पंचाहत्तर यांत फरक किती? पंचवीस रुपये. तेवढ्यासाठी रोज काउंटरवर वाद घालायचा, पावत्या फाडायच्या, चिडलेल्या पाहुण्याला समजावायचं, यात अर्थ नाही. पन्नास रुपये खोलीत मिसळा आणि 'पार्किंगसह' असं ठळक लिहा. पण बारांपैकी दोघेच गाडीने येत असतील, तर गाड्या होतात साठ आणि गाडीमागे खर्च जातो ३०० रुपयांवर. तिथे बाकीच्या दहा जणांवर भार टाकणं अन्यायाचं आहे, वेगळं शुल्क लावा. स्वतःचे आकडे घालून हा हिशेब एकदा कागदावर मांडा. शेजारचा लॉजवाला दोनशे घेतो म्हणून आपणही दोनशे घ्यायचे, ही दर ठरवायची पद्धत नव्हे.

आवार स्वतःचंच असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इमारतीचा नकाशा मंजूर करताना वापरानुसार किती गाड्यांची जागा सोडायची हे नियमाने ठरलेलं असतं. मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, मुंबईला स्वतःची वेगळी आहे. नियमाप्रमाणे सोडायच्या पार्किंगची जागा साधारणपणे चटईक्षेत्रात धरत नाहीत, ती सवलत बांधणाऱ्याला मिळालेली असते. ती याचसाठी, की येणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर लागू नयेत. त्या जागेत पुढे बँक्वेट हॉलची भांडी, जनरेटर आणि गादीची गोदामं भरायची आणि पाहुण्याला "रस्त्यावर लावा, काही होत नाही" म्हणायचं, हे मी अनेक गावांत पाहिलंय. सकाळी ती गाडी टोइंगवाले उचलून नेतात आणि दंड पाहुणा भरतो. वेगळं शुल्क घ्यायचं की नाही, याच्या आधीचा प्रश्न हा आहे, की दाखवलेली जागा पार्किंगसाठी खरंच मोकळी आहे का.

आता आधी सांगण्याबद्दल. ग्राहकाला सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि पुढच्या टप्प्यांवर एकेक रक्कम वाढवत न्यायची, याला आपल्याकडे आता नियमाने बंदी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या युक्त्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अशा तेरा युक्त्या नाव घेऊन सांगितल्या आहेत आणि किमतीचा काही भाग सुरुवातीला लपवून नंतर उघड करणं ही त्यांतली एक आहे. तुम्ही बुकिंगच्या संकेतस्थळावर खोली घेतली, तिथे पार्किंगबद्दल चकार शब्द नाही किंवा 'पार्किंग उपलब्ध' एवढंच लिहिलंय, आणि हॉटेलवर पोहोचल्यावर रात्रीचे तीनशे मागितले, तर तुमच्या हातात बोलायला आधार आहे. म्हणून बुकिंग केलं त्या क्षणीच पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या. नंतर मजकूर बदलला तरी तुमच्याकडे तो राहतो.

पार्किंगचे पैसे घेणंच बेकायदा आहे, असं काही जण काउंटरवर ठासून सांगतात. त्यामागे बहुतेकदा सर्व्हिस चार्जशी झालेली गल्लत असते. बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज घालायचा नाही, असं याच प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरलं. मॉल-मल्टिप्लेक्सच्या पार्किंगबद्दल गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शुल्काच्या विरोधात निकाल दिला, तोही लोकांच्या लक्षात असतो. पण मुक्कामाच्या पाहुण्याची गाडी रात्रभर सांभाळणं ही वेगळी सेवा आहे. ती आधी सांगून, दर लावून, पावती देऊन विकली तर मला त्यात गैर दिसत नाही. भांडायचं असेल तर न सांगितल्याबद्दल भांडा, बाजू भक्कम राहते.

सगळ्यात महत्त्वाचा भाग जबाबदारीचा आहे, आणि इथे एका खटल्याची गोष्ट नीट सांगितली पाहिजे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री अकराच्या सुमारास दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलात एक गृहस्थ आपल्या मारुती झेनमधून आले. चावी व्हॅलेला दिली, टॅग घेतला, आत गेले. रात्री एकला बाहेर आले तेव्हा कळलं, की गाडी दुसराच कोणी घेऊन गेलाय. दुसऱ्या एका गाडीतून तीन तरुण हॉटेलात आले होते, त्यांतल्या एकाने काउंटरवरची चावी उचलली आणि झेन पळवली. गाडी सापडली नाही. विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि ते वसूल करायला हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात गेली. हॉटेलने टॅगवरचं वाक्य पुढे केलं: गाडी पाहुण्याच्या जबाबदारीवर उभी केली आहे, चोरी-नुकसानीला व्यवस्थापन जबाबदार नाही. शिवाय पार्किंगचे पैसे आम्ही घेतलेलेच नाहीत, असंही सांगितलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी न्या. मोहन शांतनगौडर आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या पीठाने हॉटेलचं अपील फेटाळलं. निकालातले तीन मुद्दे आपल्या रोजच्या कामाचे आहेत. पहिला: चावी हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली, की गाडी हॉटेलकडे सांभाळायला ठेवल्यासारखी होते. १८७२ च्या करार कायद्यात अशा ठेवीसाठी वेगळं प्रकरण आहे आणि ठेव घेणाऱ्याने ती शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू सांभाळावी तशी सांभाळायची असते. दुसरा: 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. गाडी गेली किंवा चेपली, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचं असतं. तिसरा मुद्दा या लेखाच्या विषयाशी थेट भिडतो: पार्किंग फुकट म्हटलं तरी त्याचा मोबदला खोलीभाड्यातून आणि जेवणाच्या बिलातून हॉटेलला मिळतच असतो. म्हणजे शूपसाहेबांनी अर्थशास्त्रातून जे सांगितलं, तिथेच आपलं सर्वोच्च न्यायालय कायद्याच्या वाटेने पोहोचलं.

त्या लग्नाच्या गावी हे मला ठाऊक असतं, तर पाटीकडे बोट दाखवल्यावर मी गप्प बसलो नसतो. चावी त्यांच्याकडे होती, पैसे त्यांनी घेतले होते, गाडी रात्रीतून त्यांच्याच माणसाने हलवली होती.

मात्र या निकालाचा अर्थ ताणू नका. तो चावी दिलेल्या गाडीबद्दल आहे. गाडी तुम्ही स्वतः लावली, कुलूप घातलं, चावी खिशात घेऊन वर गेलात, तर हॉटेलने गाडी ताब्यात घेतली असं आपोआप म्हणता येत नाही. मग आवाराला फाटक होतं का, टोकन दिलं होतं का, गाडी बाहेर काढताना कोणी टोकन पाहत होतं का, पैसे घेतले होते का, अशा गोष्टींवर बरंच अवलंबून राहतं. आणि निकाल पुढे काहीही येवो, गाडीत राहिलेले दागिने, लॅपटॉप, रोकड यांचा माग काढणं फार अवघड जातं. ते वर खोलीत न्या. लग्नघरच्या गडबडीत आहेराची पिशवी डिकीत राहते, ती आठवणीने काढा.

चावी देण्याची वेळ आली तर दोन मिनिटं खर्च करा. गाडीभोवती फिरून मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा. चारही बाजू, चाकं, काचा आणि डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा त्यात येऊ द्या. रात्र असली तरी टॉर्च लावून काढा. वॉचमनला राग येईल असं वाटून बरेच जण संकोच करतात. माझा अनुभव उलटा आहे. तो व्हिडिओ त्यालाही उपयोगी पडतो, कारण जुना ओरखडा त्याच्या माथी येत नाही. टोकनवर गाडीचा नंबर लिहिलाय का ते पाहा. घराच्या, कपाटाच्या किल्ल्या त्याच जुडग्यात असतील तर गाडीची चावी सोडवून द्या. नुकसान दिसलं तर आवारातून गाडी बाहेर काढण्याआधी व्यवस्थापकाला बोलवा, फोटो काढा, कॅमेऱ्याचं चित्रीकरण जपून ठेवायला सांगा आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवा. एकदा फाटकाबाहेर पडलात, की ओरखडा कुठे पडला हे सिद्ध करणं जड जातं. गाडीच गेली असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग लगेच विमा कंपनीला कळवणं. दावा करताना कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून घरची दुसरी चावी कुठे आहे ते माहीत असू द्या.

बुकिंगच्या फोनवर 'पार्किंग आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. 'आहे ना, या तुम्ही' हे उत्तर ठरलेलं असतं. जागा आवारात आहे की बाहेर, आणि बाहेर असेल तर चालत किती मिनिटं, हे विचारा. म्हातारी माणसं बरोबर असतील तर दारात उतरवता येतं का, हेही. जागा नक्की राखून ठेवणार की आधी येईल त्याला मिळणार? चावी द्यावी लागते का? पैसे वेगळे असतील तर खोलीमागे की गाडीमागे, रात्रीमागे की चोवीस तासांमागे? दोन कुटुंबं दोन खोल्या घेऊन एकाच गाडीतून आली तर खोलीमागचं शुल्क दुप्पट पडतं, हे पुष्कळांना बिल हातात आल्यावर कळतं. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनी बस असेल तर आधीच सांगा, कारण कमानीची उंची आणि वळण यांत ती अडकते. विजेची गाडी असेल तर चार्जिंगची सोय आहे का, तिचा दर काय, हे वेगळं विचारा. साध्या प्लगवर वायर टाकून रात्रभर गाडी लावून ठेवणं तुम्हालाही धोक्याचं आणि लॉजच्या वायरिंगलाही. बोलणं झालं, की एक ओळ लिहून पाठवा: 'ठरल्याप्रमाणे १ गाडी, आवारात, २ रात्री, पार्किंग भाड्यातच.' समोरून 'ओके' आलं तरी पुरे.

काही ठिकाणी पार्किंग हॉटेलच्या हातातच नसतं, ते ओळखून जा. माथेरानला मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यालाच ठेवायची आणि पुढे चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने गावात जायचं. तिथल्या पार्किंगचे पैसे हॉटेलच्या बिलात शोधण्यात अर्थ नाही. एक रात्र राहणाराने सामान हलकं न्यावं, एवढंच. नवरात्रात कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते आणि आषाढीला पंढरपुरात गावाच्या आतले रस्ते वाहनांना बंद होतात. तेव्हा देवळाजवळच्या लॉजने पार्किंगचं आश्वासन दिलं असलं तरी गाडी दारापर्यंत पोहोचणारच नाही. अशा दिवसांत गाडी पोलिसांनी ठरवून दिलेल्या बाहेरच्या तळावर लावायची तयारी ठेवा. लॉजवाल्यांनीही त्या दिवसांपुरतं पार्किंगचं शुल्क घेऊ नये. जी जागा वापरताच येत नाही, तिचे पैसे कसले?

करांबद्दल थोडंसं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. पार्किंगची सेवा स्वतंत्र विकली तर तिच्यावर तो १८ टक्के आहे. म्हणजे खोलीभाड्यातच पार्किंग धरणं बहुतेक मध्यम हॉटेलांच्या पाहुण्याला करातही स्वस्त पडतं. वेगळी ओळ घालायची की नाही, हे मालकांनी आपल्या सीएला विचारून ठरवावं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने ज्यांनी नोंदणीच केलेली नाही, त्यांनी पाहुण्याकडून जीएसटीच्या नावाने काहीही घ्यायचं नसतं. पाहुण्यांनी बिलावर जीएसटी क्रमांक पाहावा. आणि पार्किंगची पावती मागितल्यावर 'त्याची पावती नसते' असं उत्तर आलं, तर ते मान्य करू नका. पैसे घेऊन पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

दोनशे-तीनशे रुपयांसाठी तक्रार करायची का, असं वाटणं साहजिक आहे. पण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला पैसे लागत नाहीत आणि तिथून हॉटेलला विचारणा गेली की पुष्कळ वेळा रक्कम परत येते. बंपर, दरवाजा, आरसा असं खरं नुकसान असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, गोव्यातल्या हॉटेलसाठी पणजीला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. वकील लावणं सक्तीचं नाही. स्क्रीनशॉट, टोकनचा फोटो, व्हिडिओ, गॅरेजचं बिल आणि हॉटेलला पाठवलेला मेल एवढी कागदपत्रं हाती असली, तर सामान्य माणूसही आपली बाजू मांडू शकतो.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे १२ मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीचे सगळे आकार धरूनच एकूण किंमत दाखवावी लागते. पण पार्किंग ऐच्छिक मानलं जातं, त्यामुळे ते त्या एकूण किमतीत नसू शकतं. सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्कसारख्या शहरांच्या मध्यभागी रात्रीचे पन्नास डॉलरपेक्षा जास्त जाऊ शकतात. भाड्याची मोटार घेण्याआधी तो आकडा पाहा. लास व्हेगसच्या मुख्य रस्त्यावर पूर्वी पार्किंग फुकट असे, २०१६ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्सने पैसे घ्यायला सुरुवात केली आणि इतरही त्या वाटेने गेले. फ्लॉरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांनी मार्च २०१८ मध्ये मुक्कामी पाहुण्यांना रात्रीच्या पार्किंगचं शुल्क लावलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते काढून टाकलं. एकदा लावलेलं शुल्क मागे घेता येतं, हे आपल्याकडच्या हॉटेल संघटनांनीही पाहण्यासारखं आहे.

राहिली एक गोष्ट, जिचा उल्लेख पार्किंगच्या कुठल्याच दरपत्रकात सापडत नाही. भाड्याच्या गाडीने आलेल्या कुटुंबाबरोबर ड्रायव्हर असतो. पाहुणे वर गेल्यावर तो कुठे झोपतो? बहुतेक वेळा त्याच पार्किंगमध्ये, सीट मागे पाडून, डास नकोत म्हणून काचा वर करून, आणि उकडायला लागलं की इंजिन सुरू ठेवून एसी लावून. बंद जागेत धूर साठून हे जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या दिवशी पहाटे घाटातून तुमची गाडी चालवणारा माणूस रात्रभर नीट झोपलेला नसतो. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये इमारतींच्या नियमांत दुरुस्ती करून हॉटेलं आणि लॉजना ड्रायव्हरांसाठी झोपायची जागा आणि संडास-बाथरूम देणं बंधनकारक केलं.  आपल्याकडे काही जुनी हॉटेलं ही सोय स्वतःहून करतात. मोठं काही लागत नाही. तळमजल्यावर पंख्याची एक खोली, चार खाटा, मच्छरदाण्या, गरम पाण्याची एक बादली. पार्किंगचे वेगळे पैसे घेणाऱ्या मालकाने त्या पैशांतून पहिल्यांदा ही खोली बांधावी. आणि पाहुण्याने बुकिंगच्या फोनवर गाडीच्या जागेबरोबर ड्रायव्हरच्या झोपायच्या जागेचंही विचारावं. सोय नसेल तर त्याच्यासाठी जवळच्या डॉर्मिटरीत एक खाट घ्यावी आणि तिचे पैसे सहलीच्या हिशेबात आधीच धरावेत.